पिशवी भरलेली ठेवून मरू नकोस

प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा नागपुरात हिंगणा रोडला रूम करून राहतो. लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' हा बुरशीच्या संसर्गाने उद्ध्वस्त झालेल्या जगातला खेळ सेलमध्ये घेतला आणि मित्रांनी 'नॉर्मल काय खेळतो बे' म्हणून चिडवलं, तर थेट 'हार्ड'वर सुरू केला. आता पिट्सबर्गच्या हॉटेलच्या तळघरात अडकलाय. गोळ्या उरत नाहीत, क्लिकरने (बुरशीने आंधळा झालेला संसर्गित माणूस) धरलं की खेळ खलास, आणि लॅपटॉप तव्यासारखा तापतो. त्याला विचारायचंय की नेमकं चुकतंय कुठे, अवघडपणा कमी करावा का, की सरळ कोणाचा तरी व्हिडिओ पाहून गोष्ट संपवून टाकावी.

धरमपेठेत माझं छोटं गेमिंग पार्लर आहे. हा खेळ, म्हणजे त्याची मूळ आवृत्ती, २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हापासून मी तो स्वतः खेळतोय, पण त्याहून जास्त वेळा इतरांना पहिल्यांदा खेळताना मागे उभा राहून पाहिलाय. पहिल्यांदा खेळणारे जवळजवळ सगळे एकाच पद्धतीने मरतात. तोंडात वाक्यही तेच असतं, "भाऊ, गोळीच नाही राहिली ना." आणि पाठीवरची पिशवी उघडून पाहिली की आत दोन मोलोटोव्ह (पेटवून फेकायच्या बाटल्या), एक खिळ्यांचा बॉम्ब, औषधाच्या पेट्या, सगळं शाबूत असतं. गोळ्या संपल्या म्हणून माणूस मेला असं फार कमी वेळा होतं. बाकीचं सामान 'पुढे लागेल' म्हणून दाबून ठेवलं, म्हणून तो मरतो.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. तू खर्च करत नाहीस.

हा खेळ सामान कसं देतो ते नीट बघ. तू बनवू शकतोस त्या प्रत्येक वस्तूला मर्यादा आहे. मोलोटोव्ह तीन, औषधाच्या पेट्या तीन, चाकू तीन, बॉम्बही तीन. कच्च्या मालालाही मर्यादा आहे. चिंध्या, अल्कोहोल, पाती, चिकटपट्टी, साखर, स्फोटकं, सगळ्यांचा साठा लवकर भरतो. एकदा भरला की पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलेली अल्कोहोलची बाटली तुला उचलताच येत नाही. म्हणजे भरलेली पिशवी घेऊन फिरणं ही बचत नव्हे. पुढचं सामान तू जमिनीवर सोडून जातोयस, एवढाच त्याचा अर्थ. मी पार्लरमध्ये पोरांना सांगतो, नव्या इमारतीत शिरताना पिशवीत कुठेतरी रिकामी जागा असलीच पाहिजे. कपाटं उघडल्यावर 'जागा नाही' दिसायला लागलं तर समज, मागच्या मारामारीत कंजूषी केली.

आता यातली खरी गंमत. औषधाची पेटी बनते अल्कोहोल आणि चिंधीतून. मोलोटोव्हही अल्कोहोल आणि चिंधीतूनच. त्याच दोन वस्तू, मग जखम बांधायची की समोरच्याला जाळायचं? पातं आणि चिकटपट्टीतून चाकू होतो, आणि त्याच दोन गोष्टी लोखंडी पाइपाला बांधून त्याचा मार वाढवता येतो. स्फोटकं साखरेबरोबर जोडली की धुराचा बॉम्ब, पात्याबरोबर जोडली की खिळ्यांचा. शिवाय पिशवी उघडली म्हणून खेळ थांबत नाही. तू पट्टी गुंडाळत बसलेला असतोस आणि पलीकडून पावलं येतच असतात. नॉटी डॉगच्या, म्हणजे हा खेळ बनवणाऱ्या लोकांनी हे मुद्दाम असं केलंय. तू ज्याच्या भूमिकेत खेळतोस तो जोएल नावाचा, वीस वर्षं या उद्ध्वस्त जगात तगलेला तस्कर कसा आहे, हे ते संवादांत फारसं सांगत बसत नाहीत. भिंतीआड बसून तू ज्या हिशेबाने बाटली उचलतोस, तो हिशेब म्हणजेच तो माणूस. म्हणून टंचाई हा खेळातला अडथळा समजू नकोस. गोष्टीचा निम्मा भाग तिच्यातूनच सांगितला जातो.

चाकूबद्दल वेगळं सांगतो, कारण हार्डवर तिथेच गणित बिघडतं. सुरुवातीला चाकू एकदा वापरला की तुटतो. आणि त्याची कामं तीन. मागून क्लिकरला गपचूप मारणं, क्लिकरने धरलं तर सुटणं (यासाठी औषधी गोळ्यांच्या डब्या गोळा करून ते कौशल्य आधी घ्यावं लागतं), आणि काही बंद दारं उघडणं. पोरं काय करतात, साध्या धावणाऱ्या संसर्गितालाही चाकूने मारतात, का तर लवकर होतं. नको करू. रनर आणि माणसं हातांनी गळा आवळून मरतात, वेळ लागतो तेवढाच. क्लिकरचा गळा आवळता येत नाही, म्हणून चाकू त्याच्यासाठी आणि दारांसाठी ठेव. चाकूने उघडणारं दार दिसलं तर माझं मत असं, की एक चाकू गेला तरी उघडायचंच. आत बहुतेक वेळा गेलेल्यापेक्षा जास्त मिळतं.

क्लिकर आंधळा आहे. बुरशी डोक्यातून फुटून बाहेर आलीय, डोळे राहिलेलेच नाहीत, आणि तो जे टकटक आवाज काढतो त्याच्या प्रतिध्वनीवर चालतो, वटवाघळासारखा. ही कल्पना हवेतली नाही. ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस नावाची खरी बुरशी आहे, ती मुंगीच्या शरीरात वाढते, मुंगीला झाडावर चढून पानाला चावा घेऊन लटकायला लावते आणि मग तिच्या डोक्यातून देठ काढून बीजाणू खाली सोडते. खेळाने एवढंच केलं की मुंगीच्या जागी माणूस ठेवला. प्रत्यक्षात माणसाला ती होत नाही, घाबरू नको.

आंधळ्या शत्रूशी वागायचं कसं? वाकून, आणि कंट्रोलरची काडी अगदी हलकी ढकलून. इथे रिमोटचा फरक पडतो. कंट्रोलरवर (आमच्याकडे कोणी कंट्रोलर म्हणत नाही, रिमोटच म्हणतात) काडी किती दाबली यावर वेग ठरतो. कीबोर्डवर हळू चालण्याची की वेगळी असते, ती सेटिंगमध्ये शोधून जवळच्या बोटावर आण. तू लॅपटॉपवर कीबोर्डने खेळत असशील आणि क्लिकर दर वेळी वळून बघत असेल, तर कारण बहुधा हेच. साधा जुना कंट्रोलर मित्राकडून मागून आण, निम्म्या तक्रारी जातील.

दुसरं, विटा आणि बाटल्या. लोक त्यांना कचरा समजतात. बाटली कोपऱ्यात फेकली की आवाजाकडे सगळे क्लिकर जातात, एकत्र जमतात, आणि त्या घोळक्यावर एक मोलोटोव्ह टाकला की सगळे एकदम जळतात. एका मोलोटोव्हमध्ये तीन-चार शत्रू गेले तर तो महाग कुठे पडला? एकट्या क्लिकरसाठी वीट पुरते. आधी फेकून त्याला गडबडवायचं आणि लगेच जवळ जाऊन हाणायचं, किंवा हातात धरूनच मारत सुटायचं. हे ऐकून पोरं हसतात, पण संपूर्ण खेळात विटेइतकं भरवशाचं आणि फुकट हत्यार दुसरं नाही. रस्त्यात दिसली की उचल. हातात बाटली असेल तर ती टाकून वीट घे.

आता तुझं तळघर. हा भाग वाईटच आहे, त्यात तुझी चूक नाही. लिफ्टच्या खड्ड्यातून जोएल खाली पाण्यात पडतो, एली (त्याच्यासोबत प्रवास करणारी मुलगी) वर राहते, आणि पहिल्यांदाच सोबत कोणी नसतं. बरेच जण समोर जनरेटर दिसला की लगेच चालू करतात. तिथेच घात होतो. जनरेटरच्या आवाजाने लपून हल्ला करणारे स्टॉकर जागे होतात, आणि त्यांच्याबरोबर ब्लोटर येतो, म्हणजे अंगावर बुरशीचं चिलखत चढलेला तो अवजड प्रकार. बाहेर जायच्या दाराला कीकार्ड लागतं. कार्ड हातात नसताना जनरेटर चालू केला तर त्या अंधारात, त्या गर्दीत कार्ड शोधत फिरावं लागतं.

म्हणून क्रम उलटा कर. खाली उतरलास की घाई न करता सगळं तळघर पायाखाली घाल. कीकार्ड शोधून खिशात टाक. बाहेर जायचं दार कुठे आहे ते पाहून ठेव, आणि जनरेटरपासून त्या दारापर्यंत एकदा कोरडी चाल करून बघ, वळणं लक्षात राहीपर्यंत. ज्या गल्लीतून पळणार त्या गल्लीच्या तोंडाशी खिळ्यांचा बॉम्ब टाकून ठेव, तो जमिनीवर पडून राहतो आणि जवळ कोणी आलं की फुटतो. शॉटगन हातात घे. मग जनरेटर ओढ आणि पळ. इथे ब्लोटरला मारायची सक्ती नाही. आमच्याकडची पोरं त्याच्यावर सगळ्या गोळ्या उडवतात, कारण त्यांना वाटतं मोठा शत्रू दिसला म्हणजे तो मारूनच पुढे जायचं. त्याच्या अंगावर आग टाकायची हौस असेल तर एक मोलोटोव्ह टाक, ब्लोटरला आग फार लागते, पण थांबू नको. दार, कार्ड, बाहेर.

अवघडपणाचं विचारलंस. पहिल्या फेरीला हार्ड अगदीच चुकीचं नाही, पण मित्रांच्या चिडवण्यावरून ठरवू नकोस. पार्ट वनमध्ये सगळं एकाच पट्टीने मोजावं लागत नाही. खेळाडू, शत्रू, साथीदार, लपणं आणि सामान, या पाचांचा अवघडपणा वेगवेगळा ठेवता येतो, आणि मध्येच बदलताही येतो. माझा सल्ला असा, की सामान हार्डवरच राहू दे आणि शत्रू मॉडरेटवर आण. म्हणजे एका चुकीने मरणार नाहीस, पण प्रत्येक बाटलीचा विचार मात्र करावाच लागेल. याच्या उलट, म्हणजे शत्रू कठीण आणि सामान भरपूर, असं ठेवलं तर हा नुसता गोळीबाराचा खेळ होतो. तसे बाजारात पन्नास आहेत. सर्व्हायव्हर आणि ग्राउंडेड या पातळ्या दुसऱ्या फेरीसाठी. ग्राउंडेडवर तर कान लावून भिंतीपलीकडचे शत्रू बघायची सोयच काढून घेतलीय.

औषधी गोळ्यांच्या डब्यांनी अंगातली कौशल्यं वाढतात आणि सुट्या भागांनी वर्कबेंचवर हत्यारं. कौशल्यांत आधी चाकूचं घे आणि नंतर नेम स्थिर करणारं. वर्कबेंचवर आधी होल्स्टर, म्हणजे भर लढाईत गुडघ्यावर बसून पिशवीतून दुसरी बंदूक काढावी लागत नाही. बाकी तुझ्या आवडीने.

आता लॅपटॉप. पीसीवर हा खेळ २८ मार्च २०२३ ला आला तेव्हा त्याची अवस्था वाईट होती, बंद पडायचा, अडकायचा. नंतरच्या पॅचेसनी बराच सुधारला, तर आधी अपडेट पूर्ण झालंय का बघ. किमान गरजेत जीटीएक्स १०५० टीआय किंवा ९७०, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर १०० जीबी जागा सांगितलीय. तुझं १६५० त्या रेषेच्या थोडं वर आहे, पण त्याच्याकडे व्हिडिओ मेमरी ४ जीबीच, आणि हा खेळ मेमरी खातो. सेटिंगमध्ये मेमरीची पट्टी दिसते, ती भरू देऊ नकोस. टेक्स्चर (पृष्ठभागांचा बारकावा) खाली आण, एफएसआर (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) चालू कर (तशीच दुसरी सोय, डीएलएसएस, १६५० वर चालत नाही), आणि फ्रेम ३० वर बांधून टाक. साठच्या हट्टापायी हे कार्ड नुसतं तापेल. पहिल्यांदा चालू केल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतात, ते पूर्ण होईपर्यंत खेळायला बसू नकोस, नाहीतर दर कोपऱ्यावर अडकेल. आणि इतर कोणी घेणार असेल तर लक्षात ठेवा: स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळायला खरेदीपासून १४ दिवस आणि खेळल्याचे २ तास, यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि शेडर बनत असताना मेनूवर गेलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच शत्रू. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खोलीतली हवाच तापलेली असते, लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो, आणि यंत्र स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. ते खेळ अडकणं म्हणून दिसतं. उन्हाळ्याआधी आतली धूळ काढून घे, मागची बाजू उंच कर, आणि दुपारी खेळूच नको, रात्री दहानंतर बस. एक मात्र करू नको. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नको. ती हवा गार असते तशी ओलीही असते, आणि ती ओल आत ओढणारा पंखा तू मुद्दाम तिच्यासमोर ठेवलेला असतो. कूलर खोलीसाठी, यंत्रासाठी नाही. शिवाय कूलरच्या घरघरीत स्पीकरवर क्लिकरची टकटक ऐकूच येत नाही, तेव्हा हेडफोन लावणं भाग आहे. या खेळात कान डोळ्यांइतकेच कामाला येतात. आणि गुस्तावो सांताओलाल्याचं संगीत इतकं मोजकं आहे, की शांतता ऐकू आली नाही तर त्याचा अर्थच लागत नाही. हेडफोनचं अजून एक कारण, हा खेळ अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि त्यातली माणसं माणसांना फार वाईट मारतात. सुट्टीत घरी नेऊन खेळलास तर लहान भावंडांसमोर लावू नकोस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, व्हिडिओ बघून गोष्ट संपवावी का. नको, आणि कारण नुसतं 'स्वतः खेळण्यात मजा असते' एवढंच नाही. या खेळात एक अत्यंत कंटाळवाणं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. एलीला पोहता येत नाही, तर पाण्यावर लाकडी फळी ओढून आणून तिला तिच्यावर बसवून पलीकडे न्यायचं. उंच भिंत आली की तिला हातावर घेऊन वर चढवायचं, ती वरून शिडी सोडते, मग तू चढायचं. लोक याच्यावर चिडतात, 'परत शिडी?' म्हणून. मीही पहिल्या फेरीत वैतागलो होतो. पण ते करता करता तुला एक सवय लागते. भिंत दिसली की तू नकळत उभा राहतोस, बटण दाबतोस, आणि ती धावत येते. पुढे वसंत ऋतूच्या भागात एके ठिकाणी तू असाच उभा राहशील. तिथे काय होतं ते सांगत नाही. व्हिडिओत बघणाऱ्याला ते चांगलं दृश्य वाटतं. ज्याने स्वतः आधीच्या सगळ्या भिंतींवर बटण दाबलंय, त्याच्या हाताला ते कळतं. शेवटाचंही तसंच. काही गोष्टी खेळ तुझ्याकडूनच करवून घेतो, आणि रिमोट खाली ठेवून बाजूला होता येत नाही.

याच कारणाने मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतो: हा खेळ पार्लरमध्ये खेळायला येऊ नका. इथे तासाचे पैसे चालू असतात, शेजारी फुटबॉलची आरडाओरड, आणि मागे उभा मित्र 'स्किप कर ना बे' म्हणत असतो. संवाद सोडून दिले की उरतो तो फक्त लपून मारायचा खेळ, तोही बऱ्यापैकीच. रूमवर, एकट्याने, नाव दाखवणारे सबटायटल लावून खेळ. एली चालता चालता जे पुटपुटते, वाचून दाखवते, विचारते, त्यासाठी थांब. रिकाम्या घरांत भिंतीवर, टेबलावर चिठ्ठ्या असतात, त्या वाच. पिट्सबर्गनंतर लवकरच एक गटाराचा भाग येतो, तिथल्या चिठ्ठ्या न वाचता पुढे गेलास तर एक सबंध गोष्ट हातातून निसटेल.

लॅपटॉपने हातच टेकले तर याच जातीचे दोन पर्याय. टेलटेलचा २०१२ चा 'द वॉकिंग डेड' कोणत्याही साध्या यंत्रावर चालतो. त्यात हातापेक्षा डोकं लागतं, घड्याळ संपायच्या आत कोणाला वाचवायचं ते ठरवायचं. दुसरा 'डेज गॉन', ऑरेगॉनच्या जंगलात मोटरसायकलवर फिरायचा, पेट्रोल शोधायचा, शेकड्यांच्या झुंडींपासून पळायचा. गोष्ट पसरट आहे, पहिले काही तास रेंगाळते, पण १६५० वर बरा चालतो आणि गाडीवर जीव असणाऱ्यांना आवडतोच.

पार्ट वन संपला की दुसरा भाग लगेच सुरू करू नकोस, मध्ये 'लेफ्ट बिहाइंड' हा छोटा भाग खेळ. तो सोबतच आलेला आहे, वेगळे पैसे नाहीत. दुसरा भाग पीसीवर एप्रिल २०२५ मध्ये आलाय. त्याच्या किमान गरजेत तुझंच १६५० लिहिलंय, पण ७२० पिक्सेलवर ३० फ्रेमसाठी, आणि एसएसडीवर १५० जीबी लागते. त्याआधी एसएसडी मोठी करून घे, सीताबर्डीत दोन-तीन दुकानांत भाव विचारून.